धरलंय

आमच्या कंपनीचं नाव ठरलं त्या दुपारी माझ्या हातून माझी बहीण मरता मरता वाचली. आता लोक कौतुकाने विचारतात, नाव कसं सुचलं हो? मेहुणेबुवा रंगवून सांगतात. मी तिथून उठून जातो.

कंपनी म्हणजे आम्ही चार माणसं. धाकटी दोर बांधून उडी मारते. तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणेबुवा, दिवे आणि पत्रव्यवहार बघायचे. मावशी ढोल वाजवते. ती कुणाचीच मावशी नाही, पण वयाने मोठी आणि तोंडाने तिखट. आणि मी दोर धरायचो. तालमीला एक जुनं गोदाम मिळालं होतं. आढ्याला कप्पी, तिच्यावरून दोर. एक टोक धाकटीच्या कमरपट्ट्याला, दुसरं माझ्या पाठीमागून फिरून माझ्या हातांत. वीस फुटांवरच्या फळीवरून ती स्वतःला झोकून देते आणि जमीन हातभर राहिली की मी तिला थांबवतो. प्रेक्षक किंचाळतात. त्यासाठीच तर ते येतात.

उडीआधी मी एकच शब्द ओरडायचो: ‘धरलंय!’ तो कानावर पडला की ती खाली बघायचीसुद्धा नाही. हे बाबांनी लावलेलं वळण. खेळ त्यांनीच सुरू केला आणि तो शब्द तालमीच्या जागेत दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. चहाचा कप हातात आला तरी ‘घेतला’ म्हणायचं. लहानपणी एकदा शिडी धरताना मी तो शब्द बोलून गेलो, तर बाबांनी माझ्या कानाखाली जाळ काढला होता.

आणि मी हे सांगायचं टाळत होतो: दोन महिन्यांपासून माझा उजवा हात बधिर होत चालला होता. आधी करंगळी गेली, मग शेजारची बोटं, मग तळवा. शर्टाची बटणं मी डाव्या हाताने लावायला लागलो. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण तो काय सांगणार ते मला ठाऊक होतं. दोर सोडला तर मी कोण? दुसरं काही मला येतच नव्हतं. आणि तरी रोज मी तो शब्द ओरडायचो. भित्रा माणूस किती धोकादायक असतो ते मी स्वतःवरून सांगतो.

तोवर आम्हाला सगळे ‘बाबांची मंडळी’ म्हणायचे. आता मोठ्या नाट्यगृहाचं बोलावणं आलं होतं आणि पोस्टरवर रीतसर नाव हवं होतं. छापखान्याला चारपर्यंत कळवायचं होतं. मेहुणेबुवांनी वहीत पानभर नावं लिहून आणली. धाकटी पट्टा लावून फळीवर जाऊन बसली. नाव वरून ओरडलं की शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतं का ते बघायचं, ही तिची कल्पना.

“गगनझेप कलामंच!” ती ओरडली.

“बँकेची ठेव योजना वाटते,” मावशी म्हणाली.

“पंखिनी!”

“हा शिवणाचा क्लास.”

मेहुणेबुवांचं तोंड उतरलं. मावशीने ढोलावर बोटं वाजवली आणि म्हणाली, “अरे, दिवसभर आपल्याकडे एकच तर शब्द ओरडला जातो. तोच ठेवा की.”

एवढं बोलतानाही तिने तो उच्चारला नाही. धाकटीने वरूनच टाळ्या पिटल्या.

“आणि बाबांचा नियम?” मी म्हणालो. “पोस्टरवर आला की ज्याच्या त्याच्या तोंडी होईल तो.”

“हाक बदलू,” मेहुणेबुवा म्हणाले. “उद्यापासून मावशी ठोका देईल, त्यावर उडी.”

“दादा, नाही म्हणू नकोस ना,” धाकटी म्हणाली. “आजवर एकदा तरी चुकलास का तू? तुझंच नाव आहे ते.”

सांगायची वेळ हीच होती. मी म्हणालो, “ठेवा काय ठेवायचं ते.”

मेहुणेबुवा फोन घेऊन दाराशी गेले, कारण आत रेंज नव्हती. धाकटी खाली यायला म्हणून फळीवर उभी राहिली. मी उजव्या हातातला हातमोजा काढून मांडीवर बोटं चोळत बसलो. दोर पाठीमागून होता, पण डाव्या हातात नुसता सैल.

छापखान्यात यंत्रं धडधडत असावीत. मेहुणेबुवांचा आवाज चढत गेला.

“हॅलो! नाव लिहून घ्या. काय? ऐकू येत नाही? अहो, धरलंय! धरलंय!”

धाकटीने उडी मारली.

विचार केला असता तर तिने मारली नसती. पण तो शब्द ऐकून विचार करायची तिला सवयच नव्हती. माझ्या डाव्या हातातून दोर सुटला. मी उजव्याने तो पकडला, म्हणजे पकडला असावा, आणि अख्खं अंग मागे टाकलं. डोळे मी मिटून घेतले होते. मावशीची किंकाळी ऐकू आली आणि मग काहीच ऐकू येईना.

डोळे उघडले तेव्हा धाकटी जमिनीच्या वीतभर वर लोंबकळत होती. नंतर ती रडत रडत हसायला लागली. “बघितलंत? नावाला जागला माझा दादा!”

मेहुणेबुवा धावत आले. मावशीने धाकटीचा पट्टा सोडवला. धाकटीने येऊन माझा हात हातात घेतला आणि तिचं हसू थांबलं.

तळव्याची कातडी सोलून निघाली होती. रक्त मनगटावरून ओघळत होतं. आणि मी शांतपणे तिच्या तोंडाकडे बघत उभा होतो.

“आई गं,” मी म्हणालो. पण उशीर झाला होता.

तिने माझ्याकडे बघितलं. “दुखत नाहीये तुला.”

मी हात मागे ओढला.

“कधीपासून, दादा?”

“दोन महिने.”

दोन महिने, रोजच्या सहा उड्या. ती मनात मोजत होती ते मला दिसत होतं. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली. त्या एका पावलाची मला आजही त्या उडीपेक्षा जास्त भीती वाटते.

मेहुणेबुवांच्या हातातला फोन वाजला. छापखानावाला विचारत होता, नाव नक्की ना?

“नक्की,” धाकटी म्हणाली. “धरणारा बदलेल.”

आता दोर मेहुणेबुवा धरतात आणि मी दारावर तिकिटं फाडतो. धाकटी माझ्याशी बोलते, हाताच्या औषधाची आठवणही करते. उशिरा आलेला कुणी घाईत विचारतो, “अहो, हाच का तो खेळ? काय नाव त्याचं?” मी पोस्टरकडे बोट दाखवतो. सगळे सांगतात की आता ती फक्त ठोक्यावरच उडी मारते, वर्षभरात एकदाही चुकलेली नाही. असेल. पण पडद्यापलीकडे ती वर उभी असते, आणि मी तो शब्द तोंडातून काढत नाही.