शंभरपैकी शंभर देणारा मी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. तरी लातुरातल्या कितीतरी पोरापोरींना मी घाम फोडला आहे. मी सराव परीक्षा घेणारा एक जुना प्रोग्राम. एका चकचकीत सीडीत माझा मुक्काम. सध्या ती सीडी दोरीला बांधून खिडकीत टांगली आहे, कबुतरं हाकलायला. वाऱ्यावर फिरता फिरता जुनं आठवत राहतं.

मला घडवलं दूरच्या एका शहरातल्या चार इंजिनिअरांनी. संगणकांचं जाळं कसं जोडावं आणि बिघडलं तर दोष कुठे शोधावा, याची एक मोठी परीक्षा हैदराबादेत असते. तिच्यासाठी मुलांना तयार करणं हे माझं काम. माझ्या पोटात शेकडो प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि प्रत्येक उत्तराखाली 'हेच बरोबर का' याचा खुलासा. त्या खुलाशांत चौघांनी जीव ओतला होता. ते कुणी वाचत नाही, हे त्यांना कधी कळलं नाही ते बरंच झालं.

रेणुकादास सरांनी मला शर्टाच्या खिशात घालून हैदराबादेहून लातूरला आणलं. त्यांचा क्लास गंजगोलाईच्या बाजाराजवळ, धान्याच्या एका आडत दुकानाच्या माडीवर. पूर्वी ते टायपिंग शिकवायचे. भूकंपानंतरच्या वर्षांत गावात जिकडे तिकडे क्लासच्या पाट्या लागल्या, तेव्हा सरांनीही टायपिंगची यंत्रं मोडीत घालून संगणक मांडले. कीबोर्डच्या फटींत तुरीच्या डाळीचा भुगा बसायचा, पण मी ऐटीत होतो. पाहुणे आले की सर मला दाखवायचे. "यानं शंभरपैकी शंभर दिले की पोरगं पास समजा!"

मी तिथे बसल्या बसल्या माणसं वाचायला शिकलो. उत्तर चुकलं की कोण कपाळाला हात लावतो, कोण शेजारच्याच्या पडद्याकडे बघतो, कोण माझ्यावरच डाफरतो; सगळं माझ्याकडे जमा.

त्यातला हरिओम म्हणजे क्लासची शान. त्यानं आणि त्याच्या जोडीदारांनी एक शक्कल काढली होती. माझे प्रश्न नेहमी एकाच क्रमानं येत, म्हणून त्यांनी प्रश्न सोडून दिले आणि नुसत्या उत्तरांच्या जागा पाठ केल्या. पाढे म्हणावेत तशी पोरं एका सुरात म्हणायची, "पहिल्याला ब, दुसऱ्याला ड, तिसऱ्याला परत ड..." हरिओम तर डोळ्यांवर रुमाल बांधून शंभर मिळवायचा आणि सर टाळ्या वाजवायचे.

शिल्पा मात्र मागे पडायची. ती प्रश्न वाचायची, खुलासाही वाचायची. वेळ संपायचा आणि गुण साठ-पासष्टावर अडायचे.

"शिल्पे, कादंबरी वाचून राहिलीस का गं?" हरिओम चिडवायचा.

"तुझ्यावानी आंधळी कोशिंबीर न्हाई खेळत," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची.

त्या उन्हाळ्यात क्लासला एका परीक्षेचं मोफत कूपन मिळालं. ज्याला माझ्याकडे सर्वांत जास्त गुण, त्याला सर ते देणार होते. शिल्पाला ते हवंच होतं. त्या परीक्षेची फी भरणं तिच्या घरच्यांना झेपणारं नव्हतं. मामांनी गावच्या पतसंस्थेत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. कूपन मिळालं नाही तर पुढच्या महिन्यात ती तिथे पासबुकं भरायला बसणार, हे ठरलेलं होतं.

एका दुपारी ती माझ्या एका प्रश्नापाशी थांबली. दोन कचेऱ्यांना जोडणारी एकच तार तुटली, तरी निरोप पोहोचावा म्हणून काय सोय करावी, असा तो प्रश्न. क्लासमधल्या साऱ्यांच्या लेखी तो नुसता 'क' होता. शिल्पानं माउसवरून हातच काढून घेतला.

"आता काय झालं?" हरिओमनं विचारलं.

"आमच्या गावात एकच फोन होता, पोस्टात. भूकंपात खांब पडला, तार गेली. आमचे वडील, दादा, कामाला सोलापुरात होते. गाव गेलं, एवढंच त्यांना कळलं. निरोप कुठून लागावा? त्यांनी तिथंच आमचं सुतक धरलं. वाट काढत गावी आले ते डोकं भादरूनच."

"अन् तुम्ही?"

"आम्ही समदे जिते. पत्र्याच्या शेडात बसून खिचडी खाऊन राहिलो होतो. दादांनी एकेकाच्या डोक्याला हात लावून बघितला. माझ्या तर दोनदा."

मित्रांनो, तो प्रश्न मी कितीजणांना विचारला होता! त्याच्या पोटात एवढं काही दडलं असेल, हे मलाच ठाऊक नव्हतं. शिल्पानं 'क' निवडला. मी 'बरोबर' असं दाखवलं खरं, पण त्या पोरीपुढे तो शब्द मला फार लहान वाटला.

निवडीच्या आदल्या दिवशी लोडशेडिंगनं दगा दिला. मी चालू असतानाच वीज गेली आणि निवडीसाठी ठेवलेला संगणक बिघडला. सरांनी तो दुरुस्त करून मला सीडीवरून नव्यानं बसवलं. पण प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलायची माझी मूळ सवय त्यांनी फार पूर्वी बंद केली होती, ती पुन्हा बंद करायची राहिली.

दुसऱ्या दिवशी हरिओम रुबाबात बसला आणि पडद्याकडे न बघता बोटं चालवून मोकळा झाला. गुण आले सव्वीस. त्याच्या जोडीदारांचीही तीच गत झाली. मग शिल्पा बसली. वाचून वाचून खुलासे तिच्यात मुरले होते, या वेळी वेळही पुरला; तिला मिळाले एक्क्याऐंशी.

सरांचा चेहरा उतरला. पाटीवर हरिओमचं नाव लिहायला त्यांनी पेंटरला आधीच सांगून ठेवलं होतं. "प्रोग्राम बिघडलाय! जुना क्रम लावतो, उद्या पुन्हा घेऊ."

शिल्पा उभी राहिली. "सर, हैदराबादचा पेपर आपल्या क्रमानं येतो का?"

त्यावर हरिओमच हसला. "द्या सर तिलाच. मला तर हे प्रश्न आज पहिल्यांदा दिसले. ते बी चुकल्यावर!"

सरांनी कूपन शिल्पाच्या हातावर ठेवलं.

हैदराबादहून ती पास होऊन आली. आनंदानं सरांनी पेढे आणले, पेंटरला बोलावणं गेलं. पास झालेलं पोरगं माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, हा माझा कायमचा अनुभव. निकाल लागला की माझं काम संपलं. शिल्पा मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. निकालाच्या कागदावर तिचा एक धडा कच्चा दाखवला होता. तिनं तोच उघडला.

"अगं, आता कशाला? झालीस ना पास!" हरिओम पेढा तोंडात धरून म्हणाला.

"पास झाले. पण हे मला अजून येत न्हाई ना."

त्यानं पेढा गिळला, हात पँटला पुसला आणि शेजारी बसला. "मग मोठ्यानं वाच. खुलाशासकट."

मित्रांनो, त्या दिवशी त्या दोघांना मी गुण दिले नाहीत, कारण त्यांनी मागितलेच नाहीत. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाताशी असेल तर त्याच्याकडून शंभर जरूर घ्या. पण जे चुकलं, त्यापाशी जरा बसा. आमचं सगळं शहाणपण तिथंच ठेवलेलं असतं, आणि तिथं फारसं कुणी येत नाही.