धोतरा आणि तांब्याचा गडू

विष पचवण्याचं सामर्थ्य सृष्टीत एका महादेवाकडेच होतं. १९९४ साली ते झाशीच्या विद्याधर आठल्यांकडे आलं. फरक इतकाच की महादेवाची जागा कायम होती, आणि आठल्ये कॉलेजात तात्पुरते होते.

धोतऱ्याच्या पेशी बाटलीत वाढवून त्यांनी त्या साबुदाण्याएवढ्या जेलीच्या गोळ्यांत बसवल्या होत्या. नळांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचं आंबट सांडपाणी या गोळ्यांवरून सोडलं की त्यातलं तांबं पेशी धरून ठेवत. सोमवारी समिती येणार होती. तिला पटलं तर आठल्ये कायम, नाहीतर जूनपासून घरी.

रविवारी कॉलेज बंद, म्हणून प्रयोग नगरा मोहल्ल्यातल्या घरी, मोरीत झाला.

"धोतरा महादेवाला वाहायचा सोडून त्याच्यावर कारखान्याचं खरकटं ओततोस," अनुसूयाआत्या म्हणाली.

"हे बघ आत्या. अमोनिया घातला, तरी निळं होत नाही. तांबं संपलं!"

"मग उद्या ते पाणी मोठ्या लोकांपुढे प्लास्टिकच्या बाटलीतून नेणार?"

आठल्ये हसले. आत्या हसली नव्हती. आठल्यांचे पूर्वज पूजाअर्चेसाठी झाशीला आले तेव्हापासून त्या घरात पाहुण्यापुढे पाणी तांब्याच्या गडूतूनच जाई.

सकाळी तिने पिशवी हातात दिली. "उभी धर हो, सांडेल."

आठल्ये घाईत होते. पिशवी उघडली ती समितीच्या टेबलावर. आत तोंडाला फडकं बांधलेला गडू, चिंचेने घासून लखलखीत.

"वाह पंडितजी!" अध्यक्ष खूश झाले. "इसे कहते हैं संस्कार."

आठल्यांनी आधी कारखान्याच्या पाण्यात अमोनिया घातला. निळं. मग गडूतल्या पाण्यात. तेही निळं.

"सर, ये तांबा बर्तन का है. पानी खट्टा है, रात भर में छूट गया."

"भैया, तीस साल से परीक्षा ले रहा हूँ. फेल होने वाला हमेशा बर्तन को ही दोष देता है."

आठल्ये धावत घरी गेले. "आत्या, बाटलीतलं बाकीचं पाणी?"

"सगळं गडूतच ओतलं की. बाटली घासून त्यात तेल भरलंय."

समितीच्या अहवालात गडूच्या कौतुकाची एक ओळ आहे. जूनमध्ये आठल्यांच्या जागेवर दुसरे गृहस्थ आले. ते भूगोल शिकवतात.