दुसरा शंख

चर्चमध्ये पाळकांना मदत करणाऱ्या इओपू डीकनच्या बेटावरच्या गावात संध्याकाळी तीनदा शंख होई. पहिल्याला घराकडे वळायचे, दुसऱ्याला असू तिथे थांबून प्रार्थनेत राहायचे, तिसऱ्याला मोकळे व्हायचे. शंख फुंकण्याचा मान चौदा वर्षे इओपूकडे होता.

त्या संध्याकाळी पहिला शंख झाला आणि किनाऱ्यावरून त्याला दूर प्रवाळाच्या कडेशी भाल्याने मासे मारणारा मालाकी दिसला.

दोन वर्षांपूर्वी मालाकीच्या ट्रकखाली इओपूचा मुलगा गेला होता. रीतीप्रमाणे मालाकी पहाटे त्याच्या दारासमोर, डोक्यावरून तलम चटई पांघरून गुडघे टेकून बसला. घरच्यांनी चटई उचलली तर क्षमा. न उचलली तर त्याचा जीव त्यांच्या हाती. ऊन चढेपर्यंत इओपू आत बसून होता. मग त्याने चटई उचलली. गाव रडले. पाळकसाहेबांनी तीन रविवार त्यावरच प्रवचन केले. पण क्षमा एकदा करून संपत नाही, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. रोज डोळा उघडला की ती चटई पुन्हा अंगणात असे, आणि आदल्या दिवसापेक्षा जड असे.

मालाकीने मात्र त्या दिवसापासून स्वतःला नियमाशी बांधून घेतले होते. दुसरा शंख झाला की तो पाऊल उचलत नसे. एकदा भर पावसात, खांद्यावर नारळांचे ओझे घेऊन तो तसाच उभा राहिला. पोरी म्हणाल्या, आता याच्या डोक्यावर कोंबडी अंडी घालणार.

या वेळी तो कमरेएवढ्या पाण्यात होता. भरती चढत होती, दक्षिणेकडून लाटा काळ्या पाठींनी येत होत्या. प्रार्थना अर्धा तास चाले. तेवढ्या वेळात पाणी त्याच्या डोक्यावरून गेले असते.

इओपूच्या मनात एक आवाज उठला. सैतान इतक्या सौम्यपणे बोलतो हे त्याला ठाऊक नव्हते. तुला काहीच करायचे नाही, आवाज म्हणाला; फक्त तुझे कर्तव्य कर.

"अहो, वेळ टळली," घरातून बायको पेनिना म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

त्याने शंख फुंकला.

घराघरांतून स्तोत्र सुरू झाले. मालाकी थांबला. हातातला भाला आडवा धरून, मान लववून तो उभा राहिला. एक लाट त्याच्या छातीवर फुटली, दुसरी हनुवटीशी आली. तो हलला नाही. इओपूने हाक मारली. वाऱ्याने ती परत त्याच्याच तोंडात कोंबली. दुसरा शंख मागे घेणारी खूण गावात नव्हती. होता तो फक्त तिसरा, आणि तो न संपलेल्या प्रार्थनेवर फुंकणे म्हणजे साऱ्या गावाच्या तोंडून देवाचे नाव हिसकावून घेणे.

त्याने तो फुंकला.

स्तोत्र मधेच तुटले. मालाकीने भाला सोडला आणि पोहू लागला.

माणसे किनाऱ्यावर धावली. पाळकसाहेबांनी करड्या स्वरात जाब विचारला. पण पाण्यातून धापा टाकत बाहेर येणारा मालाकी दिसताच पेनिनाने नवऱ्याच्या वतीने उत्तर दिले: हा बुडत होता म्हणून फुंकला हो यांनी. पाळकसाहेबांचा चेहरा निवळला. एका म्हातारीने इओपूचा हात कपाळाला लावला. त्याने नुसती मान हलवली असती तरी पुरे होते.

"दुसरा फुंकण्याआधीच मला हा दिसला होता," इओपू म्हणाला.

म्हातारीने हात सोडला. मालाकी वाळूत उकिडवा बसून कमरेचे वस्त्र पिळत होता. त्याने वर पाहिले नाही.

"ठाऊक आहे, काका. शंख उचलताना तुम्ही माझ्याकडेच बघत होता. म्हटलं, तुमची हीच इच्छा असेल, तर थांबावं."

अंधार पडू लागला होता. पाळकसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, प्रार्थना राहिली आहे, पुन्हा फुंकायला हवे. इओपूने शंख पुढे धरला, आधी त्यांच्याकडे, मग इतरांकडे. कुणीही हात पुढे केला नाही.