प्लास्टिकमध्ये बंद केलेलं उत्तर

इस्त्रीवाल्या मावशींचा सहावा तक्रारअर्ज टाइप करायला टायपिस्टबाईंनी साफ नकार दिला. कचेरीच्या फाटकाबाहेर बाईंचं टेबल, मागे माणसांची रांग, आणि मावशी स्टूल अडवून बसलेल्या.

"का? फुकट करून मागते का मी?"

"पाच अर्ज बँकांवर नजर ठेवणाऱ्या कार्यालयाला गेले. पाचही वेळा उत्तर आलं, हा विषय आमचा नाही. आता सहाव्यांदा काय वेगळं येणार?"

"सगळे आतून एक आहेत मेले," मावशी म्हणाल्या.

दुखणं मात्र खरं होतं. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून साठवलेले ऐंशी हजार त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बँकेत नेले होते. काउंटरवरचा गोडबोल्या म्हणाला, "ठेवच आहे मावशी, फक्त व्याज जास्त." वर्षभरानं दुसरा हप्ता मागणारं पत्र आलं, तेव्हा कळलं की ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. मावशींनी बँक डोक्यावर घेतली. बँकेनं तक्रार विमा कंपनीकडे पाठवली आणि कंपनीनं कळवलं, पैसे परत मिळणार नाहीत.

"कंपनीचं ते पत्र आणलंय?" बाईंनी विचारलं.

मावशींनी पिशवीतून काढून दिलं. दुमडलेल्या पत्राला चारही बाजूंनी जाड प्लास्टिक चढवलेलं होतं.

"हे काय केलंत?"

"पुरावा आहे. वाफेनं, पाण्यानं खराब होऊ नये म्हणून करून घेतलं."

"अहो, पण आतली बाजू बंद झाली ना! वाचली होती?"

"पहिल्याच ओळीत 'पैसे मिळणार नाहीत' असं लिहिलंय. पुढे काय आरती वाचायची त्याची?"

मागे उभी असलेली मावशींची मुलगी न राहवून बोलली, "मी म्हणत होते वाचू दे. तर तू म्हणालीस, चार बुकं शिकलीस म्हणून आईला अक्कल शिकवू नकोस."

मावशींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. बाईंनी कात्री पुढे केली.

"कापताना सही गेली तर?"

"न कापता तुम्ही वर्ष घालवलंत."

मुलीनं कडा कापायला घेतल्या. कात्री सहीपासून दोऱ्याइतक्या अंतरावरून गेली. रांगेतली माणसंही माना वाकवून बघत होती. पत्र उघडलं. आत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हा निर्णय मान्य नसेल तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे पत्राच्या तारखेपासून वर्षाच्या आत अर्ज करावा. खाली पत्ता.

मुलीनं पत्राच्या तारखेवर बोट ठेवलं. "आई, वर्ष आज संपतंय."

साडेतीन वाजले होते.

"म्हणजे मी वर्षभर भलत्याच दारावर डोकं आपटत होते?"

"हो. आणि ते दारही सांगत होतं," बाई म्हणाल्या. "'आमचा विषय नाही' याच्या पुढे 'विम्याचा आहे' असंही लिहिलं होतं. बँकेत विकली म्हणून पॉलिसी बँकेची होत नाही, मावशी. कागदाच्या खाली नाव कोणाचं ते बघायचं. त्याचा कान धरणारं कार्यालय ठरलेलं असतं."

"मग लिहा. त्या दरोडेखोरांनी..."

"शिव्या नकोत. तो काय म्हणाला, कुठल्या तारखेला म्हणाला, तुम्हाला काय हवंय, एवढंच."

तारखा मावशींना आठवेनात. मुलीला सगळ्या पाठ होत्या. ती सांगत गेली, बाई टाइप करत गेल्या, आणि मावशी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकत बसल्या.

रिक्षा दोनदा अडकली. मायलेकी लोकपालांच्या कार्यालयात पोचल्या तेव्हा पाचाला सात मिनिटं होती आणि खिडकीतला कारकून टेबल आवरत होता. तोंडापर्यंत आलेली शिवी मावशींनी गिळली आणि मुलीला पुढे केलं.

"साहेब, आज शेवटचा दिवस आहे. अर्ज घ्या आणि पोच द्या."

कारकुनानं पत्राची तारीख पाहिली, घड्याळ पाहिलं, खुर्ची पुन्हा ओढली आणि शिक्का मारला. पैसे मिळतील की नाही ते सुनावणीत ठरेल. पण मावशींचं गाऱ्हाणं पहिल्यांदाच योग्य टेबलावर गेलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी कागदांची पिशवी मुलीच्या हातात दिली. "यापुढे आलेला कागद तू वाचायचा. मोठ्यानं. शेवटपर्यंत."

तर मंडळी, कुणी फसवलं तर राग यायलाच हवा. पण त्या रागाच्या भरात दिसेल त्या मोठ्या साहेबाच्या दारात जाऊन बसू नका. कागद उलटूनपालटून वाचा, तो कुणी दिलाय ते बघा, त्यालाच आधी लेखी विचारा, पोच जपा. त्याच्यावर नजर कुणाची आहे हे शोधून मुदतीत तिथेच जा. वाचता येत नसेल तर घरातल्या लेकीला विचारा. तिला विचारण्यात कसली आलीय लाज? लाज फसवणाऱ्याला वाटू द्या.