पाण्याच्या नळीतली रेघ

यवतमाळच्या एका कॉलेजात विज्ञान स्पर्धेसाठी मुलं किड्यांच्या पेशींत राहणारा एक जिवाणू शोधत होती. किड्याचा डीएनए काढायचा, पीसीआर यंत्रात वाढवायचा आणि जेलमध्ये पाहायचा. रेघ चमकली की जिवाणू आहे. एका नळीत मात्र मुद्दाम नुसतं पाणी भरायचं. तिथे रेघ आली, तर कोणीतरी गचाळ काम केलं समजायचं.

त्या दिवशी पाण्याचीच रेघ चमकली!

“तांड्यावरच्या किड्यायनं घाण केली सारी!” गटातला कपिल ओरडला. “संगीताचे किडे फेका. स्पर्धेतून तिचं नावबी काढा.”

संगीता फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावरची. तिच्या याडीने, म्हणजे आई भुरीबाईंनी, लेकीसाठी कपाशीच्या पऱ्हाटीत वाकून वाकून माश्या-मुंग्या धरून दिल्या होत्या. आईने पहिल्यांदाच लेकीच्या कॉलेजच्या कामाला हात लावला होता, आणि तेच आता फेकायचं होतं. इथे किडे संगीताने आणायचे आणि नळ्या भरायची पिपेट कपिलने धरायची, ही वाटणी कोणी केली? कोणीच नाही. आपल्याकडे असल्या वाटण्या आपोआप होतात, आणि आपण सुशिक्षित म्हणून मिरवतो!

प्रयोग शिकवणाऱ्या दिपाली मॅडम दारातच उभ्या होत्या. त्या संतापाने लाल झाल्या.

“पाण्याच्या नळीत किडा होता का रे?”

“नाही, मॅडम.”

“मंग पाण्यात रेघ आली, त्यात तांड्याचा काय दोष? नळ्या कोणं भरल्या?”

“मी, मॅडम,” कपिल म्हणाला.

“मी याले तवाच म्हटलं होतं, पिपेटचं टोक बदल, नाहीतर किड्याचा डीएनए पाण्यात जाईल,” संगीता म्हणाली. “हा म्हणे, तू फक्त किडे आण.”

“आता नळ्या संगीता भरंल,” मॅडम म्हणाल्या. “अन् तू पाह्यशील.”

संगीताने प्रत्येक नळीला नवं टोक लावलं. संध्याकाळी जेल दिव्यावर ठेवलं. पाण्याची जागा कोरी होती. तांड्यावरच्या मुंगीत रेघ होती. आणि तुलनेसाठी घेतलेल्या कपिलच्या बंगल्यातल्या मुंगीतही नेमकी तेवढ्याच उंचीवर तशीच रेघ होती, म्हणजे जिवाणू तोच!

कपिल जेलवरून संगीताकडे वळला. “चुकलो मी, संगीता. टोक मीच बदललं नव्हतं. तुह्यं नाव राहील.”

“माह्यं नाव ठेवणारा तू कोण?” ती कडाडली. “रविवारी तांड्यावर ये. याडीसंग पऱ्हाटीत वाक, किडे धर. पिपेट मी धरीन.”

रविवारी सकाळच्या एसटीने कपिल गेला.

वाचकहो, चूक झाली की आपलं बोट आधी दुसऱ्याच्या वस्तीकडे जातं. ते बोट आवरा, आणि आधी स्वतःचे हात तपासा!