खंडेनवमीला शंभर टक्के हजेरी

आमच्या शाळेच्या संगणक कक्षाला ‘सर्वोत्तम शिक्षक सहभाग’ हा पुरस्कार मिळाला. आता तो मिळालाच नाही असं धरून चला, कारण गोष्ट ऑगस्टपासून सुरू होते आणि ऑगस्टमध्ये त्या कक्षात मी एकटा होतो.

मी प्रितम. गाव हिंगोली जिल्ह्यात, नोकरी चाकणजवळच्या शाळेत, करार अकरा महिन्यांचा. एका कंपनीने शाळेला वीस संगणक दिले, त्यांच्यासोबत मी आलो. फ्रिजसोबत बर्फाचा ट्रे येतो, तसा. करारात माझं काम एका ओळीत आहे : ‘शिक्षकांना कक्षाच्या वापरासाठी प्रोत्साहित करणे.’ शिकवणे नाही. पोरांना आपल्या शिक्षकासोबतच आत यायची परवानगी, आणि शिक्षक येत नाहीत. त्यामुळे मी सकाळी वीस मशीन चालू करायचो, शाळा सुटली की वीस मशीन बंद करायचो. मधल्या वेळात पाच नंबरच्या मशीनशी बुद्धिबळ खेळायचो. सहा नंबरला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याशी एक डाव मुद्दाम हरायचो.

खोलीवरही अशीच गजबज. आम्ही तिघं राहतो. मी निघाल्यावर बंटी नाइट शिफ्टवरून येतो आणि मी परतायच्या आत ओव्हरटाइमला गेलेला असतो; सुजित सेकंड शिफ्टवरून येतो तेव्हा मी झोपलेला असतो, मी निघतो तेव्हा तो. पाच महिने झाले, दोघांना मी टॉवेलवरून ओळखतो. सुजितचा टॉवेल मोकळ्या स्वभावाचा आहे. बंटीचा जरा मनात ठेवणारा.

सप्टेंबरात कंपनीचं पत्र आलं. दिवाळीच्या सुट्टीआधी एकाही शिक्षकाने कक्षात तास घेतला नाही, तर संगणक राजगुरुनगरच्या एका शाळेला देण्यात येतील. माझं काय करण्यात येईल, ते लिहिलं नव्हतं. मी पत्र दोनदा उलटं करून पाहिलं.

मग मी स्टाफरूममध्ये गेलो.

“मॅडम, एक तास,” मी विजयश्री मॅडमना म्हणालो. त्या भूगोल शिकवतात. “भीमा नदी उगमापासून दाखवतो. पोरं खूश होतील.”

“अहो प्रितम, तुमच्याकडे चपला बाहेर काढायच्या. बेचाळीस पोरं, चौऱ्याऐंशी चपला. त्या जुळवण्यातच मधली सुट्टी संपते. भीमा वाहतेय तिकडे, वाहू द्या.”

दुसऱ्या दिवशी मी चपलांचा नियम रद्द केला.

“आता तर नकोच,” मॅडम म्हणाल्या. “धूळ जाईल मशीनमध्ये. कंपनीने दिलेली वस्तू आहे.”

गणिताचे अर्जुनराव सर इथलेच, जुन्या गावातले. ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “का रं, आमी फळ्यावर कमी शिकवतो व्हय?”

“तसं नाही सर. फळ्याला जोड म्हणून.”

“फळ्याला जोड न्हाई लागत. खडू लागतो. हाय का तुझ्याकडं?”

खडू नव्हता. एसी होता. तेवढं कळल्यावर सर रोज दुपारी कक्षात यायला लागले आणि संगणकाकडे पाठ करून पेपर तपासायला लागले. मला राग आला नाही. दुसऱ्या माणसाच्या पेनाचा आवाज चांगला असतो. पण पाठ करून बसणं हा तास होत नाही.

अशात नवरात्र आलं. मुख्याध्यापिका इंद्रायणी मॅडमनी मला बोलावून सांगितलं, “खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करू. सगळा स्टाफ तुमच्या लॅबमध्ये येईल. चौदाच्या चौदा.”

चौदाच्या चौदा! आदल्या दिवशी मी उशिरापर्यंत थांबलो. चौदा मशीनवर चौदा नावं टाकली : ‘या, विजयश्री मॅडम’ आणि खाली भीमेचा नकाशा. ‘या, अर्जुनराव सर’ आणि खाली आठवीची भूमितीची कोडी, रेघ ओढली की कोन आपोआप बदलणारी. एकदा बघितलं की एखादा तरी वर्ग घेऊन येईल, असा हिशेब होता. इंद्रायणी मॅडमनी पूजेआधी मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. पूजा झाली की चालू करायची, एवढंच बाकी होतं.

सकाळी सगळे आले. भिवा शिपायाने वीसही मॉनिटरना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. अक्षता की-बोर्डमध्ये गेल्या. आरती झाली. मी पाच नंबरच्या बटणाकडे हात नेला, तर अर्जुनराव सरांनी मनगटच धरलं.

“अरं, खुळा का काय तू? खंडेनवमीला मशीन चालवत्यात व्हय?”

“सर, फक्त दोन मिनिटं...”

“आज हत्यारांना इश्रांती. आमच्या थोरल्याच्या कंपनीत क्रेनसुद्धा उभी हाय आज.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. विजयश्री मॅडम हळूच म्हणाल्या, “एवढं कसं माहीत नाही हो तुम्हाला?”

माहीत होतं. गावी वडील त्या दिवशी विळ्यालाही हात लावत नाहीत. पण चौदा माणसं माझ्या खोलीत एकदम आली होती, तेव्हा माझ्या हाताला सुचलं नाही.

मग पेढे झाले, फोटो झाला. प्रत्येक जण एकेका काळ्या स्क्रीनसमोर बसला आणि माऊसवर हात ठेवला. “चालू असल्यासारखं दिसतंय ना?” इंद्रायणी मॅडमनी विचारलं. दिसत होतं. फोटो ग्रुपवर गेला, ग्रुपवरून कंपनीत गेला. दहा मिनिटांत कक्ष रिकामा.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. किल्ली माझ्याकडेच होती. जाऊन मशीन चालू केली, चौदा जणांचं स्वागत झालं. एवढं तयार केलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून चौदाही खुर्च्यांवर मीच बसून आलो. अर्जुनराव सरांची कोडी अवघड निघाली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं दुसरं पत्र आलं. शंभर टक्के शिक्षक सहभागाबद्दल पुरस्कार. संगणक शाळेतच राहतील. उद्दिष्ट पूर्णपणे साध्य झाल्यामुळे प्रोत्साहकाची गरज उरलेली नाही, सबब करार या महिन्याअखेर संपेल.

“अभिनंदन रं,” अर्जुनराव सर म्हणाले. “आता एसीची किल्ली कुणाकडं?”

सुजित आणि बंटीसाठी मी खोली सोडत असल्याची चिठ्ठी लिहून ठेवली. मग बारा नंबरच्या मशीनवर हा अर्ज टाइप केला :

प्रति, मा. अधिकारी, पुरस्कार विभाग.

महोदय, सविनय विनंती की, कोणत्याही एका शिक्षकाने, कोणत्याही विषयाचा, कोणत्याही वारी, एक तास वर्गासह सदर कक्षात घ्यावा व त्या वेळी संगणक चालू असावेत, असा आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावा. त्या दिनांकास मी सेवेत नसेन. तरी मला तेवढा एक तास व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून पाहण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.