आरसा नसलेला वर्ग

"पुन्हा तेच." बाईंनी गाणं बंद केलं. "गिरकी संपली की डावा पाय फरफटतोय. एकीचा नाही, सगळ्यांचा. पाय आहेत की ओंडके?"

एक मुलगी पुटपुटली, "बाई, फरशी चिकट आहे."

"हो ना. नाचता येईना, अंगण वाकडं."

शिंप्याच्या दुकानावरच्या या खोलीत बाईंनी आयुष्यभर नाच शिकवला, पण आरसा काही लावू दिला नाही. आरसा आला की पोरी स्वतःलाच बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं. नाच तोंडाने शिकवता येतो यावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्या पुढे उभ्या राहून करून दाखवत, मुली बघून उचलत. जीभ थापा मारते, अंग मारत नाही, हे त्यांचं वाक्य ऐकून मुलींचे कान किटले होते.

तेवढ्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी जिना चढून आली. लग्न होऊन परगावी गेलेली, दोन वर्षांनी येत होती. कडेवर बाळ.

"आलीस ते बरं झालं. या ठोंब्यांना दाखव जरा."

बाळ एका मुलीकडे देऊन ती नाचली. सवय मोडली होती, धाप लागली. पण गिरकी संपली आणि तिचा डावा पाय अलगद उचलला गेला.

"पण ताई, बाई असं नाही करत," सगळ्यांत धाकटी म्हणाली. "बाई असं करतात."

तिने गिरकी घेतली. डावा पाय फरशीवरून खरडत आला, डावा खांदा किंचित खाली गेला. अगदी मन लावून केलं तिने. कुणी हसलं नाही.

बाईंना त्या पोरीत आपली आई दिसली. आधी आईच्या पायातली चप्पल निसटायची, आणि आई चपलेला नावं ठेवायची. मग हातातला पेला निसटायला लागला. मग शब्द. शेवटी तिला सगळं कळायचं, सांगता मात्र काही यायचं नाही. बाईंनीही गेल्या महिन्यात दोनदा चप्पल बदलली होती.

"माझं चुकलं का, बाई?" धाकटीने विचारलं.

"नाही गं. तू नीट बघितलंस." बाई जुन्या विद्यार्थिनीकडे वळल्या. "तू पुढे उभी राहा. पोरींनो, आता हिच्याकडे बघायचं. माझ्याकडे नाही."

"बाई, मी आठच दिवस आहे इथं."

"आठ तर आठ."

गाणं सुरू झालं. बाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. खरडण्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला.

बाळ रडायला लागलं. त्याला घेतलेली मुलगी धावत आली. "बाई, घ्या ना याला. मला पण नाचायचंय."

बाईंनी दोन्ही हात पुढे केले. मग डाव्या हाताकडे बघितलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी मला खाली बसू दे."